वीज गेल्यावर एसएसडीला काय विचारावे?

चैत्र संपता संपता बंगळूरच्या आकाशात ढगांची जमवाजमव सुरू होते. दिवसभर तापलेल्या हवेत एकाएकी गारवा येतो, वारा सुटतो, रस्त्याकडेच्या मोठ्या वृक्षांच्या फांद्या तारांवर झोके घेऊ लागतात आणि पहिली टपोरी सर पडते न पडते तोच घरातील दिवे जातात. महाराष्ट्रात ज्याला आपण वळीव म्हणतो, त्याचाच हा दाक्षिणात्य भाऊबंद. तिकडे त्याला आंब्याच्या सरी म्हणतात. विजेशी ह्या नगरीचा संबंध जुना आहे. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीज १९०२ साली सुमारे ९२ मैलांवरच्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली आणि १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. त्या दिव्यांना विझण्याची भीती नव्हती असे नाही. पण दिवा विझला तर फार तर अंधार होई. आज वीज जाते तेव्हा टेबलावरचा संगणकही क्षणार्धात मावळतो, आणि त्याच्या पोटात मुलांची छायाचित्रे, घराचे खरेदीखत, वडिलांनी जुळवून ठेवलेली वंशावळ, असे पुष्कळ काही असते. पुणे, इंदूर, बडोदे, हुबळी, कोठेही आपण असा, ही परिस्थिती थोड्याफार फरकाने आपल्या परिचयाची आहे.

वीज परत आली, संगणक सुरू झाला आणि सर्व काही पूर्ववत् दिसले, म्हणजे बहुतेक घरांत तो विषय तेथेच संपतो. वस्तुतः तेथून पुढे एक उपयुक्त गोष्ट करता येते. संगणकात माहिती साठवणाऱ्या एसएसडीला आपण प्रश्न विचारू शकतो आणि ती उत्तर देते. हे प्रश्न कोणते, उत्तरे कशी वाचावीत आणि कोणता शब्द चुकूनही टंकू नये, एवढ्यापुरताच आजचा विचार करू.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते. एसएसडीत फिरणारे काहीच नसते. सिलिकनच्या अतिसूक्ष्म कोठड्यांत विद्युत्भार कोंडून ठेवावयाचा आणि त्याच्या कमीअधिक प्रमाणावरून माहिती ओळखावयाची, असा हा प्रकार आहे. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका ह्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली जगापुढे ठेवलेली ‘नँड फ्लॅश’ नावाची रचना ह्याच्या मुळाशी आहे. तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. तिच्यात लिहिणे होते पानापानाने, पण पुसणे होते गठ्ठ्यागठ्ठ्याने. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक कोठडी किंचित झिजते. म्हणून प्रत्येक एसएसडीत एक लहानसा संगणकच बसविलेला असतो. कोणती कोठडी किती वापरली, कोणती निकामी झाली, तिच्या जागी राखीव साठ्यातील कोणती घेतली, ह्याचा हिशेब तो अहोरात्र ठेवीत असतो. असा हिशेब ठेवणारा कारभारी आत बसलेला आहे, म्हणूनच त्याला प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

प्रश्न विचारावयाचे ते आज्ञा-ओळीवर, म्हणजे चित्रांवर टिचक्या न मारता अक्षरे टंकून आज्ञा देण्याच्या त्या काळ्या खिडकीत. काहींना ती खिडकी पाहूनच धास्ती वाटते. परंतु चित्रमय कार्यक्रम जे दाखवील तेवढेच आपल्याला दिसते. येथे मात्र नेमका प्रश्न विचारता येतो आणि उत्तर जसेच्या तसे मिळते. आज्ञा रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात. येथे त्या उच्चारानुसार दिल्या आहेत.

अलीकडच्या बहुसंख्य एसएसडी ‘एनव्हीएमई’ ह्या भाषेत बोलतात. ह्या भाषेचे पहिले प्रमाणपत्रक २०११ साली प्रसिद्ध झाले आणि वेगवेगळ्या उत्पादकांच्या एसएसडींना एकाच शब्दांत प्रश्न विचारण्याची सोय झाली. लिनक्सवर ह्यासाठी ‘एनव्हीएमई’ ह्याच नावाचे एक छोटे साधन विनामूल्य मिळते. प्रश्न विचारण्यासाठी व्यवस्थापकाचा अधिकार लागतो, म्हणून आज्ञेच्या आरंभी ‘सुडो’ हा शब्द लिहावा लागतो. प्रथम ‘एनव्हीएमई लिस्ट’ एवढेच विचारावे. संगणकात असलेल्या एसएसडींची नावे, त्यांचे अनुक्रमांक, धारणशक्ती आणि अगदी शेवटच्या रकान्यात ‘फर्मवेअर’ची, म्हणजे आतील कारभाऱ्याला पढविलेल्या कार्यक्रमाची, आवृत्ती दिसते. हा शेवटचा रकाना बिनमहत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे आपण पुन्हा वळणार आहोत.

दुसरा प्रश्न ‘एनव्हीएमई स्मार्ट-लॉग’ आणि त्यापुढे एसएसडीचे नाव. उत्तरादाखल वीस-पंचवीस ओळींचा एक तक्ता येतो. त्यातील ‘क्रिटिकल वॉर्निंग’ ही ओळ शून्य असावी. ‘अव्हेलेबल स्पेअर’ म्हणजे राखीव कोठड्यांपैकी किती टक्के शिल्लक आहेत. नव्या एसएसडीत ते शंभर असते. ‘पर्सेंटेज यूज्ड’ म्हणजे उत्पादकाच्या अंदाजाप्रमाणे आयुष्य किती टक्के खर्ची पडले. हा आकडा शंभरावर गेला म्हणजे एसएसडी त्या दिवशी बंद पडते असे मुळीच नाही. शंभराच्या पुढेही तो मोजला जातो. ‘डेटा युनिट्स रिटन’ ह्या ओळीने मात्र पुष्कळजण चकतात. तेथील एक एकक म्हणजे एक बाइट नव्हे, तर ५१२ बाइटांचे एक हजार तुकडे, अर्थात ५,१२,००० बाइट. तेव्हा तेथे दोन कोटी हा आकडा दिसला, तर त्याचा अर्थ सुमारे १०.२४ टेराबाइट लेखन झाले. एक टेराबाइट धारणशक्तीच्या अनेक साधारण एसएसडींना ६०० टेराबाइट लेखनाची हमी दिलेली असते, हे पाहता घरगुती वापरात झिजेची चिंता बहुधा करू नये.

विजेच्या दृष्टीने महत्त्वाची ओळ आहे ती ‘अनसेफ शटडाउन्स’. संगणक रीतसर बंद करताना एसएसडीला आगाऊ सूचना दिली जाते. ती हातातले काम आवरते, हिशेबाच्या वह्या मिटते आणि मग वीज तोडली जाते. सूचनेविना वीज गेली, तर ती घटना ह्या ओळीत एकाने वाढवून नोंदली जाते. तारा तुटून वीज गेलेली असो, की कोणी कंटाळून बटण दाबून धरलेले असो, नोंद सारखीच होते. शेजारीच ‘पॉवर सायकल्स’, म्हणजे एसएसडीला एकूण किती वेळा वीज मिळाली तो आकडा असतो. दोन्ही एकत्र वाचावेत. हजार वेळा सुरू झालेल्या संगणकात तीस अवेळी मरणे दिसली, तर आपल्या गावच्या विजेला शोभेसेच ते झाले. पण सुरू होण्याच्या आकड्याबरोबर हाही आकडा जवळजवळ पायरीपायरीने चढत असेल, तर घरात कोणीतरी संगणक रीतसर बंद न करता भिंतीवरची कळ दाबत आहे असे समजावे! (घरातील तरुण मंडळींची चौकशी करण्यास हा पुरावा पुरेसा आहे.)

आता अवेळी वीज गेल्याने नेमके बिघडते काय? येथे एसएसडीच्या एका व्यवस्थेची ओळख करून घेणे अगत्याचे आहे. किराणा दुकानातील वाणी गिऱ्हाइकांची गर्दी असता प्रत्येक उधारी तत्काळ खतावणीत चढवीत बसत नाही. तो ती आधी कच्च्या टिपणात लिहितो आणि उसंत मिळताच पक्क्या वहीत उतरवितो. एसएसडीही हेच करते. आलेली माहिती ती प्रथम शीघ्र पण क्षणभंगुर स्मृतीत घेते, ‘लिहिले’ म्हणून संगणकाला कळविते आणि मग सवडीने कोठड्यांत उतरविते. ह्या कच्च्या टिपणाला ‘व्होलाटाइल राइट कॅश’ म्हणतात. कच्चे टिपण आणि पक्की वही ह्यांच्या मधल्या क्षणी वीज गेली, तर टिपण नाहीसे होते. म्हणून कार्यप्रणाली महत्त्वाच्या नोंदींनंतर ‘आता सर्व पक्क्या वहीत उतरवा’ अशी आज्ञा मधूनमधून देत असते आणि ती पूर्ण झाल्याचे उत्तर येईपर्यंत पुढे जात नाही. तिच्यामुळे सहसा संपूर्ण संसार वाहून जात नाही. शेवटच्या काही क्षणांचे लेखन जाते. आपण जतन न केलेले पत्र गेले, तर त्यात मात्र एसएसडीचा काडीइतकाही दोष नसतो. ते तिच्यापर्यंत पोहोचलेलेच नसते.

हे कच्चे टिपण आपल्या एसएसडीत चालू आहे काय, हे विचारता येते. एनव्हीएमई भाषेत प्रत्येक मांडणीला क्रमांक दिलेला आहे आणि हिचा क्रमांक सहा. ‘एनव्हीएमई गेट-फीचर’ ही आज्ञा, पुढे एसएसडीचे नाव, मग क्रमांक सहा, आणि शेवटी मानवी भाषेत उत्तर मिळावे म्हणून आडव्या रेघेसह मोठे ‘एच’ हे अक्षर. ते अक्षर न लिहिल्यास उत्तर सोळाच्या पायावरील अंकांत येते आणि एकचा अर्थ ‘चालू’, शून्याचा ‘बंद’ हे आपल्यालाच ठाऊक असावे लागते. मांडणी क्रमांक चारचे, म्हणजे तापमानाच्या इशारा-मर्यादेचे, उत्तर तर याहून चमत्कारिक. तेथे ‘१५७’ असे दिसले, तर ते सोळाच्या पायावर वाचून ३४३ होते, ते केल्व्हिन अंश असतात आणि त्यातून २७३ वजा केले म्हणजे ७० अंश सेल्सिअस निघतात. अशा वेळी ते मोठे ‘एच’ अक्षर खरोखर देवासारखे धावून येते.

ह्याच प्रश्नात आणखी एक खुबी आहे, जिचा उपयोग फारच थोडे लोक करतात. एकच मांडणी चार तऱ्हांनी विचारता येते: आत्ता काय आहे, कारखान्यातून निघताना काय होती, वीज जाऊन आल्यावर कायम राहावी म्हणून काय जपून ठेवले आहे, आणि मुळात ती बदलता किंवा जपता येते की नाही. ‘सिलेक्ट’ ह्या शब्दापुढे शून्यापासून तीनपर्यंतचा अंक लिहून हे साधते. पुष्कळांना अनुभव येतो की सायंकाळी केलेला बदल दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच मावळलेला असतो. त्यांनी तिसरा प्रश्न आधी विचारला असता, तर तो बदल जपलाच गेला नव्हता, हे त्यांना तेव्हाच कळते. प्रत्येक एसएसडी चारही तऱ्हांना उत्तर देते असे मात्र नाही.

मग कच्चे टिपण बंद करावे काय? माझ्या मते घरगुती संगणकात नको. ते बंद केल्यास लेखनाचा वेग पुष्कळ घटतो आणि संरक्षण जेवढे वाटते तेवढे मिळत नाही. मोठ्या संगणकशाळांसाठीच्या एसएसडींत लहान विद्युत्धारक बसविलेले असतात. वीज गेल्यावर उरलेल्या क्षणार्धात ते कच्चे टिपण पक्क्या वहीत उतरविण्यापुरती शक्ती पुरवितात. घरी तेच काम यूपीएसची बॅटरी करते, आणि लॅपटॉप असल्यास त्याची स्वतःची बॅटरी.

आपण टंकलेला प्रश्न एसएसडीपर्यंत जातो कसा, ह्याची कथा आपल्याला पुन्हा बंगळूरलाच आणते. वाचन आणि लेखन ही नित्याची कामे सोडून एसएसडीला काही वेगळे सांगावयाचे, तर लिनक्समध्ये पूर्वी एकच अरुंद वाट होती. एक प्रश्न पाठवावा आणि उत्तर येईपर्यंत दारात तिष्ठत राहावे. आपल्या घरच्या दोन प्रश्नांना ती वाट पुरेशी आहे. पण जेथे सेकंदाला लाखो आज्ञा द्यावयाच्या तेथे ती निरुपयोगी ठरे. येन्स आक्सबो ह्यांनी २०१९ साली लिनक्समध्ये ‘आयओ-यूरिंग’ नावाची देवाणघेवाणीची नवी रीत आणली होती. तिच्या आधारे एनव्हीएमईची कोणतीही आज्ञा न तिष्ठता थेट पाठविण्याची सोय जुलै २०२२ मध्ये निघालेल्या लिनक्सच्या ५.१९ ह्या आवृत्तीत आली. ह्या कामात बंगळूर येथील सॅमसंग सेमीकंडक्टर इंडिया रिसर्च ह्या संस्थेतील अभियंत्यांचा वाटा मोठा होता. कांचन जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलेला निबंध २०२४ च्या ‘फास्ट’ ह्या साठवणविद्येच्या परिषदेत प्रसिद्ध झाला. आक्सबो हेही त्याच्या लेखकांपैकी एक आहेत. जगात कोठेही लिनक्सची नवी आवृत्ती चालू झाली की ही वाट तिच्यासोबत जाते. वर्तमानपत्रांत अशा कामाला जागा मिळत नाही, म्हणून येथे मुद्दाम उल्लेख केला.

आता त्या फर्मवेअरच्या रकान्याविषयी. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइज ह्या कंपनीने आपल्या ग्राहकांना एक विलक्षण सूचना दिली. तिच्या काही एसएसडी बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडणार होत्या आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. उपाय एकच: ती वेळ येण्यापूर्वी फर्मवेअरची नवी आवृत्ती चढविणे. एकाच दिवशी सुरू केलेल्या अनेक एसएसडी जवळजवळ एकाच वेळी मरणार, म्हणजे एकीची प्रत दुसरीत ठेवण्याची सावधगिरीही व्यर्थ! वाचणारे कोण? ज्यांनी आपल्या एसएसडीला ‘किती तास चाललीस’ आणि ‘तुझी आवृत्ती कोणती’ हे दोन प्रश्न विचारले ते. दुसरे उदाहरण घरगुती आहे. २०२३ च्या आरंभी सॅमसंगच्या ९९० प्रो ह्या एसएसडीचे आयुष्य नवेपणीच भराभर घटताना दिसते, अशी तक्रार झाली आणि फेब्रुवारीत कंपनीने फर्मवेअरची सुधारित आवृत्ती दिली. ही तक्रार उद्भवली ती वापरणाऱ्यांनी मघाचा टक्केवारीचा आकडा पाहिला म्हणून.

ज्यांच्या संगणकात जुन्या साटा पद्धतीची एसएसडी आहे, त्यांनी ‘स्मार्टसीटीएल’ हे साधन वापरावे; ते विंडोज आणि मॅकवरही चालते. तेथे ओळींची नावे उत्पादकागणिक बदलतात, एवढी गैरसोय आहे. यूएसबीने जोडलेल्या बाहेरच्या पेटीतील एसएसडी कधी कधी मुकी वाटते. बहुधा दोष तिचा नसून मधल्या दुभाष्या चिपचा असतो. विंडोजवर आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुसलेल्या फायलींची जागा मोकळी झाल्याचे एसएसडीला कळविण्याची ‘ट्रिम’ नावाची पद्धत चालू आहे काय? त्यासाठी ‘एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय’ अशी लांबलचक आज्ञा आहे. उत्तर शून्य आले तर घाबरू नये. प्रश्नच ‘कळविणे बंद आहे काय’ असा असल्याने शून्य म्हणजे ‘बंद नाही’, अर्थात चालू. हा नकाराचा नकार कोणी योजला असेल तो असो, त्याने अनेक सुज्ञांना बुचकळ्यात पाडले आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना पुढची. विचारण्याची आज्ञा आणि बदलण्याची आज्ञा एकाच साधनात शेजारी नांदतात. ‘गेट-फीचर’ विचारते, ‘सेट-फीचर’ बदलते, आणि ‘फॉरमॅट’ व ‘सॅनिटाइज’ ह्या आज्ञा एसएसडी कोरी करून टाकतात. फॉरमॅट सांगितल्यावर ह्या साधनाच्या नव्या आवृत्त्या दहा सेकंद थांबून विचार बदलण्याची संधी देतात, परंतु जुन्या देत नाहीत, आणि ‘फोर्स’ हा शब्द जोडल्यास नव्याही देत नाहीत. साटा एसएसडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एचडीपार्म’ ह्या साधनात तर अंतर याहून कमी आहे. मोठे ‘डब्ल्यू’ हे अक्षर एकटे लिहिले तर कच्चे टिपण चालू आहे काय हा प्रश्न होतो. त्याच्यापुढे शून्य लिहिले तर तीच आज्ञा ते बंद करते. तेव्हा कोणी दिलेली आज्ञा टंकण्यापूर्वी तिच्यातील प्रत्येक शब्द वाचावा, आणि एसएसडीचे नाव ‘लिस्ट’च्या उत्तराशी ताडून पाहावे. दोन एसएसडी असलेल्या घरात हे विशेषच.

एक प्रश्न असा आहे की जो आज्ञा-ओळीवर विचारता येत नाही. वापरून जुनी झालेली एसएसडी कपाटात ठेवून दिली, तर तिच्यातील माहिती किती काळ टिकेल? कोंडलेला विद्युत्भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत अधिक वेगाने झिरपतो. जेडेक ह्या प्रमाणीकरण संस्थेने घरगुती एसएसडीसाठी घातलेली अट अशी की हमीइतके सर्व लेखन होऊन गेल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सिअस तापमानात तिने माहिती एक वर्ष राखावी. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ राखते. बंगळूरच्या कपाटात ३० अंशांची अट बहुतेक वर्षभर आपोआप पाळली जाते. नागपूरच्या वा जळगावच्या वैशाखात ती पाळली जाणार नाही. तेथील वाचकांनी कपाटातील एसएसडी मधूनमधून संगणकाला जोडावी, तिच्यातील फायली उघडून पाहाव्यात, दुसरी प्रत हार्ड डिस्कवर ठेवावी, आणि जोडलीच आहे तर ‘स्मार्ट-लॉग’चे उत्तर तारखेसह घरच्या जमाखर्चाच्या वहीत उतरवून घ्यावे. पावसाळा संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारून ‘अनसेफ शटडाउन्स’चे दोन आकडे शेजारी मांडले, म्हणजे यूपीएसची बॅटरी बदलावयास झाली की काय, हे कळेल.